जेवणानंतरचं बोलणं

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, त्याच वर्षी वादविवाद स्पर्धेचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते अजून सुटलेलं नाही. दरवर्षी सातवी-आठवीची पाच-सहा मुलं निवडायची, त्यांना विषय द्यायचा आणि महिनाभर त्यांच्या मागे लागायचं. मुद्दा काय? पुरावा कुठे आहे? समोरच्याने असं विचारलं तर काय सांगशील? मुलं बिचारी रडकुंडीला येतात. पण आवाज चढवणं म्हणजे उत्तर देणं नव्हे, हे एकदा त्यांना कळलं की पुढे त्यांना कोणी सहजासहजी गुंडाळू शकत नाही. आयुष्यात मी काही बरं काम केलं असेल तर ते एवढंच.

या कामाने माझं एक नुकसान मात्र केलं. मला सरळ बसून भाषण ऐकता येत नाही. कोणी माइकसमोर उभं राहिलं की माझा हात पर्समधली पेन्सिल शोधतो. आमंत्रणपत्रिकेची मागची कोरी बाजू त्यासाठी फार सोयीची असते. मुद्देसूदपणा, पुरावा, प्रश्नाला दिलेलं उत्तर, भाषा असे चार खाने पाडते आणि प्रत्येकाला दहापैकी गुण देते. भाषेला आमचे नेते चांगले गुण घेतात, हे मान्य केलं पाहिजे. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत मी नोकरी केली. आधी भामरागडकडे, मग कोरपन्याला, आणि आता गेली काही वर्षं या धानाच्या पट्ट्यातल्या गावात. सगळीकडची व्यासपीठं पाहिली. पक्ष बदलले, गळ्यातले दुपट्टे बदलले, पण पुरावा या खान्यात माझी पेन्सिल अजून तीनच्या वर गेलेली नाही.

त्यातून विषय दवाखान्याचा असला की माझ्या डोक्यात तिडीकच जाते. भामरागडला एक पाहुणे म्हणाले होते, इथली हवा शुद्ध, पाणी शुद्ध, इथल्या काटक माणसाला दवाखान्याची गरजच काय! हे बोलताना त्यांच्या समोर बाटलीबंद पाण्याचं खोकं ठेवलेलं होतं. कोरपन्याला एका सभेत कोणीतरी सिमेंटच्या धुळीने होणाऱ्या खोकल्याचा विषय काढला, तर उत्तर मिळालं की खोकला मुंबईतही होतो. आणि गरीब-श्रीमंतातल्या फरकाबद्दल विचारलं की एक वाक्य हमखास येतं, मीही गरिबीतूनच वर आलो आहे. आठवीतल्या कोणी असं म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे विचारलं असतं, बरं, तू वर आलास, त्याने खाली राहिलेल्याचं काय झालं? पण व्यासपीठाखाली बसलेल्या बाईला हे विचारायची सोय नसते. तिने टाळ्या वाजवायच्या असतात.

आता त्या बाईबद्दल सांगते, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले.

आमच्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी एक बाई आहे. पन्नाशीची असेल. मुलं तिला मावशी म्हणतात, मी बाई म्हणते, ती मला मॅडम म्हणते. कमी बोलते आणि जे बोलते ते वेळ पाहून बोलते. माझा डबा खाऊन झाल्याशिवाय ती माझ्याशी कामाचं काही बोलत नाही, हे माझ्या लक्षात यायलाच वर्ष गेलं. मी हात धुऊन येईपर्यंत ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते, आणि मग म्हणते, "मॅडम, एक गोष्ट सांगू का?"

एकदा ती अशीच उभी होती. मी निवांतपणे भाजी-पोळी खाल्ली, वर लोणच्याची फोडही चघळली, हात धुतले. मग ती म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट सांगू का? धान्याच्या खोलीत साप हाय जी."

मी किंचाळलेच. "अहो बाई, मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी जेवून राह्यल्या होत्या ना," ती म्हणाली. दाराला बाहेरून कडी घालून ती शांतपणे माझ्या जेवणाची वाट पाहत होती. ही गोष्ट पुढे आमच्या शिक्षक-खोलीत वर्षभर पुरली. कोणाला काही अप्रिय सांगायचं असलं की तो आधी विचारायचा, जेवलात का?

तिच्या नवऱ्याचं दुखणंही मला असंच, डबा संपल्यावर कळलं. "माह्या मानसाच्या किडन्या गेल्या म्हनते डॉक्टर," ती म्हणाली आणि पदराने ओट्यावरचं पाणी पुसत राहिली.

तिचा नवरा मी ओळखत होते. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी सोडायचं, कोणाच्या नंतर, हे तो पाहायचा. धानाला पाण्याची ओढ लागली की या गावात भाऊ भावाच्या बांधावर फावडं घेऊन जातो. तेव्हा रात्रंदिवस तो माणूस तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर असायचा, पण त्याने कोणाला झुकतं माप दिलं असं कधी कोणी म्हटलं नाही. त्याला आता डॉक्टरांनी दिवसाचं मोजकं पाणी सांगितलं होतं. उन्हाळ्यात तो माणूस जीभ ओली करण्यापुरता घोट घ्यायचा आणि पेला उपडा ठेवायचा.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं. पहाटेची पहिली एसटी धरायची, तिकडे दिवस काढायचा, दिवे लागल्यावर परत यायचं. याच रस्त्यावरच्या वेगवेगळ्या गावांतून आणखी तीन पेशंट त्याच बसमध्ये चढायचे. चौघांची ओळख झाली होती. एकमेकांसाठी जागा धरायची, कोणी आलं नाही तर कंडक्टरला थांबायला सांगायचं. बाई त्या दिवशी शाळेत येऊ शकत नसे. तिच्या बदली तिची जाऊ यायची, आणि मुलं म्हणायची की आज खिचडीत मीठ नाही.

"हप्त्याचे दोन दिवस बशीत जाते," ती मला एकदा म्हणाली, "आन् त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याले उठवत नाई. असे दोन. उरले तीन. तेवढे तीन दिवस तो घरातला मानूस राहते."

हे सगळं नशिबाचं म्हणून सोडून दिलं असतं, पण तसं नव्हतं. आमचं तालुक्याचं गाव इथून अर्ध्या तासावर आहे. तिथल्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आलेलं होतं. वाजतगाजत आलं होतं. आमच्या भागाचे नेते, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी रिबीन कापली होती, मशीनवर हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि तो फोटो चौकातल्या फलकावर पावसापाण्यात पांढरा पडेपर्यंत झळकत होता. मशीन चालवणारा माणूस मात्र आलाच नाही. पद मंजूर व्हायचं आहे, असं उत्तर मिळायचं. खोलीला कुलूप, मशीनवर प्लॅस्टिक. खिडकीच्या फटीतून ते दिसतं. बाईने पाहिलेलं होतं, मीही जाऊन पाहून आले.

म्हणजे तिला हवं होतं ते एवढंच. ते कुलूप उघडावं. तसं झालं असतं तर नवऱ्याला सकाळी नेऊन दुपारी आणता आलं असतं, आणि आठवड्याचे दिवस तिच्या हाती जास्त लागले असते.

आणि मग मुख्याध्यापकांनी सांगितलं की भाऊ आपल्या शाळेच्या पटांगणावर जनतेशी संवाद साधायला येणार आहेत. आधी भाषण, मग खाली उतरून लोकांशी बोलणार, मग शाळेतच जेवण. गावातल्या दोन-तीन जणांनी प्रश्न विचारायचे, त्यांची नावं आपण द्यायची.

माझ्या अंगात वारं शिरलं. मी म्हटलं, बाई बोलेल. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला, पण त्यांनी नाव लिहून घेतलं.

दहा दिवस मी तिची तयारी करून घेतली. खिचडीची भांडी घासून झाली की आम्ही रिकाम्या वर्गात बसायचो. ती पहिल्या बाकावर, मी फळ्याजवळ. ते म्हणतील उपचार मोफत आहे, तर तुम्ही काय म्हणाल? ते म्हणतील रस्ता चांगला झाला आहे, तर? ते म्हणतील मशीन आम्हीच आणलं, तर? ती असं काही साधं, नेमकं सांगायची की मी खडू खाली ठेवायची. आयुष्यभर मुलांना शिकवलं ते तिला शिकवावं लागलंच नाही. तिच्यात राग नव्हता, म्हणून शब्द इकडेतिकडे जात नव्हते. मी फक्त मुद्द्यांचा क्रम लावून दिला.

शेवटच्या दिवशी तिने मला एकच विचारलं. "ते इथीच जेवनार हायेत ना?"

"हो, तुम्हीच तर करणार आहात ना स्वयंपाक," मी म्हटलं.

"मंग बरं," ती म्हणाली. मला वाटलं, ती वांगी किती आणायची याचा विचार करते आहे.

त्या दिवशी भाऊ दोन तास उशिरा आले. भाषण जोरदार झालं. उपचार मोफत आहे, ते आलंच. रस्ता झाला, म्हणजे मोठा दवाखाना आता तुमच्या दाराशी आला, हेही आलं. मग मशीन. मग, आधीच्यांनी इतकी वर्षं काय केलं? या प्रश्नावर टाळ्या पडल्या. मग सूर खाली आणून, मीही मातीच्या घरात वाढलो, मला गरिबी पुस्तकातून कळलेली नाही. माझी पेन्सिल चालली होती. उत्तर या खान्यात मी दोन लिहिले आणि मनात म्हटलं, थांबा, आता खाली या.

ते खाली आले. माइक हातात, मागे दुपट्टेवाले. बायकांच्या पहिल्या रांगेत बाई बसली होती. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असावं, कारण ते थेट तिच्याकडेच वळले आणि वाकून, अगदी आपुलकीने म्हणाले, "काय बाई? कसं काय? बरं आहे ना सगळं?"

ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले.

"बरं हाय जी," ती म्हणाली.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. पुढचं वाक्य आलं नाही. ती हात जोडून तशीच उभी होती, चेहऱ्यावर घरी आलेल्या माणसासाठी असतं तसं हसू. भाऊ माइक तोंडाशी नेऊन लोकांकडे वळले. "पाहा, मी एसीत बसून अहवाल वाचत नाही. मी खाली उतरून विचारतो. ही आमची माउली काय म्हणाली, तुम्ही ऐकलं." पुन्हा टाळ्या. मोबाइल वर झाले होते, सगळं टिपलं गेलं.

त्यानंतर एका दुपट्टेवाल्याने घड्याळ दाखवलं. पुढच्या गावात सभा होती. भाऊंनी मुख्याध्यापकांचा हात हातात घेतला, "जेवण उधार राहिलं गुरुजी, पुढच्या वेळी नक्की," असं म्हणाले, आणि गाड्या निघाल्या. बाई एव्हाना मागच्या खोलीत पानं वाढायला गेली होती. वरण, भात, वांग्याची भाजी, वडे असं ताट हातात घेऊन ती बाहेर आली तेव्हा पटांगणात धूळ खाली बसत होती.

मी तिच्यावर फार चिडले. ते लपवत नाही. लोक पांगल्यावर मी तिला वर्गात नेलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. दहा दिवस घसा कोरडा केला तो याच्यासाठी? एवढा मोठा माणूस स्वतः तुमच्यासमोर येऊन विचारतो, आणि तुम्ही मूग गिळून बसता? बरं आहे? काय बरं आहे?

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, आणि ओशाळलीही नाही. तिला माझ्या रागाचं नवल वाटत होतं.

"मॅडम, ते आल्या आल्या होते जी," ती म्हणाली. "पानी बी नाई पेले होते. आलेल्या पाव्हन्यानं बरं हाय का म्हटलं त बरं हाय म्हनावं लागते. त्याच्या तोंडावर आपलं दुखनं कसं टाकाव? जेवल्यावर सांगाचं होतं मले. तुमी त म्हटलं होतं का ते जेवनार हायेत."

मी खुर्चीवर बसले. मी परकी असते तर गोष्ट वेगळी होती, पण मी याच भागातली, चिमूरकडची. माझ्या माहेरी याहून वेगळं काही नव्हतं. पाहुणा आला की तांब्याभर पाणी, बरं आहे का, बरं आहे, एवढंच. घरात कोणी तापाने फणफणत असलं तरी बरं आहे. मग जेवण. मग हात धुणं, सुपारी कातरणं, आणि सुपारीचं खांड तोंडात गेलं की हळूहळू खरं बोलणं सुरू व्हायचं. लग्नं मोडल्याच्या, शेत विकल्याच्या, कोणाच्या पोटात गाठ निघाल्याच्या बातम्या मी लहानपणी अडकित्त्याच्या आवाजाबरोबरच ऐकल्या आहेत. उपाशी माणसावर आपलं ओझं घालू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. हे सगळं मला माहीत होतं. इतकी वर्षं मुद्दा-पुरावा करता करता मी ते विसरले होते. शाळा माझ्यासाठी सभेची जागा होती. बाईसाठी ते तिचं घर होतं, तिथली चूल तिची होती, आणि आलेला माणूस तिचा पाहुणा होता. चूक माझी होती, आणि मी तिलाच बोलले. त्या दुपारची लाज मला अजून वाटते.

चूक दुरुस्त करायला मी माझ्या पद्धतीने धावपळ केली. निवेदन लिहिलं. बसमधल्या चारही घरांच्या सह्या घेतल्या. बाईला घेऊन भाऊंच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने निवेदनावर शिक्का मारला आणि भाऊ दौऱ्यावर आहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही ते दौऱ्यावरच होते. तिसऱ्यांदा त्या माणसाने मोबाइल काढला आणि आमच्यासमोर धरला. तोवर ती चित्रफीत गावोगाव फिरली होती. पटांगण, माइक, आणि हात जोडून उभी असलेली बाई. "बरं हाय जी."

"मॅडम, तुमच्याच गावच्या बाईनं सांगितलं ना का सगळं बरं आहे," तो म्हणाला. समोर तीच बाई उभी आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

परत येताना बसमध्ये मी हसत होते की काय करत होते, मला आठवत नाही. इतकी वर्षं मी नेत्यांना पुराव्याचे गुण देत नव्हते. पहिल्यांदाच त्यांच्याकडे पुरावा होता, आणि तो आम्ही दिलेला होता.

बाईला हे मी समजावून सांगितलं नाही. तिला ते कळलं होतं. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "पोटात अन्न गेल्याबिगर मानसाले दुसऱ्याचं आयकू येत नाई जी."

पावसाळा लागला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका आठवड्यात झोडपून काढणारा पाऊस झाला. रस्ता खरंच नवा आहे, गुळगुळीत आहे, मधला पांढरा पट्टा अजून पुसलेला नाही. पण त्याच रस्त्यावर आमच्या गावाच्या पुढे नाल्यावरचा जुना रपटा, म्हणजे ठेंगणा पूल आहे, तो तसाच ठेवलेला आहे. रपट्यावरून पाणी गेलं की एसटी येत नाही. डायलिसिसची एक पाळी चुकली. मग दुसरीही चुकली. तिच्या नवऱ्याच्या पायांवर सूज चढली, तोंडावर आली, त्याला आडवं पडता येईना. आठवडा संपता संपता पाणी जरा उतरलं तेव्हा गावातल्या लोकांनी त्याला एका ट्रॅक्टरमध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने हातात होतं ते सगळं केलं, ऑक्सिजन लावला, मोठ्या दवाखान्यात पाठवायला गाडी बोलावली. गाडी निघायच्या आधी तो गेला. मी तिथे होते. त्याची खाट ज्या भिंतीला लागून होती, तिच्या पलीकडे ती कुलूपबंद खोली होती. बाई त्याच्या उशाशी बसून त्याच्या ओठांना ओला कपडा लावत होती. आता त्याला हवं तेवढं पाणी द्या, असं कोणीतरी म्हणालं, आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

आमच्याकडे तेराव्याच्या जेवणाला तेरवी म्हणतात. आमचे नेते एखाद वेळी सभागृहात जाणार नाहीत, पण लग्न आणि तेरवी चुकवणार नाहीत. भाऊ आले. या वेळी माइक नव्हता, बरोबर दोनच माणसं होती. फोटोला हार घातला, हात जोडून थोडा वेळ उभे राहिले. बाई आतल्या दाराशी बसली होती. त्यांनी विचारलं, "कसं झालं बाई हे?" ती म्हणाली, "झालं जी. आधी जेवून घ्या."

ते पंगतीला बसले. खाली, सगळ्यांबरोबर, मांडी घालून. त्यांच्याबद्दल वाईट मत असलं तरी हे सांगायला हवं की ते मन लावून जेवले. भात दोनदा घेतला. वाढणाऱ्याला भाजी छान झाली म्हणाले. मी दोन पानं सोडून बसले होते. त्यांनी बाहेर जाऊन हात धुतले, रुमालाला पुसले, आणि ओसरीवरच्या सतरंजीवर येऊन बसले. निघायच्या आधीचं बसणं ते.

तेव्हा बाई आतून आली. हातात पितळी ताटलीत सुपारी आणि अडकित्ता होता. ताटली तिने आपल्या मांडीजवळच ठेवली आणि त्यांच्या समोर भिंतीला टेकून खाली बसली.

"जेवन बराबर झालं ना जी?"

"झालं बाई. पोटभर झालं."

"मंग एक गोष्ट सांगू का?"

हे वाक्य काय असतं ते मला माहीत होतं.

"सांगा ना," ते म्हणाले.

"तुमी शाळेत आले होते तवा म्हटलं होतं का उपचार फुकट हाय. फुकटच हाय जी, खोटं नाई. पन हप्त्याचे दोन दिवस जान्यायेन्यात जात होते, आन् दोन दिवस त्याले उठवत नव्हतं. ते दिवस कुठून आनाव मानसानं? तुमी म्हटलं रस्ता झाला. झाला. चांगला झाला. रपटा तसाच हाय. पानी त रपट्यावरून जाते ना जी. तुमी म्हटलं मशीन आनली. ते बी खरं हाय. मी पाह्यली. ज्या खोलीत माहा मानूस गेला, तिच्या बाजूच्या खोलीत हाय. चालवनारा नाई, म्हनून कुलूप हाय."

ती थांबली. मी लावून दिलेला क्रम तिने तसाच ठेवला होता. पुढचं मी शिकवलेलं नव्हतं.

"आमच्या बशीत चार जनं होते," ती म्हणाली. "आता तीन हायेत. त्यातल्या एकीचं लेकरू पहिलीत हाय. माहं त झालं. त्यायच्यासाठी सांगून राह्यली."

आवाज चढलेला नव्हता. सापाबद्दल सांगितलं होतं त्याच आवाजात ती बोलत होती. माझी पर्स माझ्या मांडीवर होती आणि पेन्सिल पर्समध्ये होती. मी पर्सला हात लावला नाही.

भाऊंनी बरोबरच्या माणसाकडे पाहिलं, त्या माणसाने दुसरीकडे पाहिलं. त्यांच्याकडे भाषणातलं एखादं वाक्य असेल, ते आता येईल, असं मला वाटलं. ते आलं नाही. ते सभेतलं मराठी सोडून आमच्यासारखं बोलले, आणि मला वाटतं, त्या दिवशी ते मनापासूनच बोलले.

"बाई, हे आधी काऊन नाई सांगितलं मले? मी आलो होतो ना तुमच्या शाळेत. तुमच्यापाशी आलो होतो. इचारलं बी होतं."

बाईने सुपारीचं खांड अडकित्त्यात धरलं, कातरलं, आणि ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"तुमी जेवले नव्हते जी," ती म्हणाली.